प्लास्टरच्या आत

१

अकोल्याच्या जठारपेठेत डॉ. शेषराव काळमेघांच्या दवाखान्यामागचं इंजिन धडधडायला लागलं, की अख्ख्या आळीला कळायचं, कुणाचं तरी हाड मोडलंय. इंजिनावर डायनामो फिरायचा आणि डायनामोवर फोटोचं यंत्र चालायचं. हाडांचे फोटो काढणारी यंत्रं मध्यप्रांत-वऱ्हाडात तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यामुळे पार धारणीच्या जंगलातूनसुद्धा माणसं खाटेवर घालून अकोल्याला आणली जायची. काचेच्या प्लेटा जाऊन फिल्म आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. पण लोक 'प्लेट'च म्हणत, आणि डॉक्टरही तेच म्हणत.

काम सरळ होतं. मोडका पाय टेबलावर, पायाखाली फिल्मची पेटी, वर यंत्राची नळी. देवीदास नावाचा त्यांचा मदतनीस खटका दाबायचा. नळी गुणगुणत असेपर्यंत पाय अजिबात हलता कामा नये. पण ज्याचं हाड मोडलंय तो न हलता कसा राहणार? मग नात्यातल्या कुणाला तरी पाय धरायला लावायचं. साहजिकच धरणाऱ्याच्या बोटांची हाडंही प्लेटीत यायची. शेषरावांच्या नजरेला त्याची इतकी सवय झाली होती, की ती बोटं त्यांना दिसतच नसत. हाड कुठे मोडलं, कसं मोडलं आणि कशानं मोडलं, एवढंच ते बघत, आणि त्याचा त्यांना थोडा ताठाही होता.

वैशाखात चांदूर बाजारकडून एक माळ्याची पोरगी आली. सत्यभामा तिचं नाव, वय नऊ-दहा. सोबत आई, मैनाबाई. बाप बागेला पाणी द्यायला मागे राहिला होता. पोरीच्या उजव्या पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या होत्या आणि पाय घोट्याच्या वर भलत्याच दिशेला वळला होता. मैनाबाईनं तिचा गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला आणि देवीदासनं प्लेट काढली.

शेषरावांनी ओली प्लेट उजेडाच्या पेटीवर लावली आणि लगेच म्हणाले, "पाय कुठी फसला होता काय हिचा?"

मैनाबाई चकित झाली. "तुमाले कसं समजलं, डाक्टरसायेब?"

"हाड आडवं तुटलं तं मार लागला म्हना. हे पिळून तुटलं. पाय एका जागी अडकला अन् अंग फिरलं."

"भेगीत गेला पाय. वांग्याच्या वाफ्यापलीकडं पडीत वावर हाये, त्याले ह्या मोठ्या भेगा. मी काखेत हात घालून वढलं, तवा निघाली."

वैशाखात काळी जमीन कशी तडकते, हे काळमेघांना कुणी सांगायला नको होतं. त्यांची स्वतःची जमीन तसलीच होती. अशा भेगांत बैलांचे पाय मोडलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. ते मान डोलावून उठणार, तेवढ्यात पोरगी बोलली.

"मी नाई निघाली, माय. त्यानंच सोडलं."

"कोनं व?"

"पयले धरलं. मंग सोडलं."

"तापात हाये," मैनाबाई ओशाळून म्हणाली. "कायबी बोलते."

"बोलू द्या," शेषराव हसून म्हणाले. "पोरगी चालते की नाही तुमची, पाहा. दिवाळीत फुगडी खेळंल." हा शब्द देताना त्यांना काही जड गेलं नाही. असे पाय त्यांनी कितीतरी सांधले होते.

२

महिना उलटला तेव्हा हाड जुळायची खूण दिसायला हवी होती. लहान पोरांची हाडं तर बघता बघता धरतात. शेषरावांनी पायावर घातलेलं प्लास्टर न काढताच प्लेट काढायला सांगितली आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले. परत आले तेव्हा प्लेट वाळत टांगलेली होती.

हाड जुळलं नव्हतं. मोडलेली टोकं पहिल्या दिवशी होती तशीच होती, आणि शिवाय हाड फिकटही झालं होतं. प्लेटीत हाड पांढरं दिसतं ते त्यातल्या चुन्यामुळे. इथे तो चुनाच कुणीतरी धुऊन नेल्यासारखा दिसत होता. पाय नुसता पडून राहिला, की असं थोडंफार होतं. पण इतक्या लवकर, इतकं? शेषरावांना पहिल्यांदा जरा काळजी वाटली.

"नीट धरला होता ना पाय?" त्यांनी देवीदासला विचारलं. "बोटं लय आतवर आली हायेत."

"कोनाची बोटं?"

"धरनाऱ्याची. आनखी कोनाची राहातील?"

"सायेब, प्लास्टरमधला पाय कोन धरते? मी रेतीच्या पिशव्या ठेवल्या होत्या दोई बाजूनं. खोलीत मी अन् पोरगी. मायले तं बाहीरच बसवलं होतं."

शेषराव पुन्हा प्लेटीकडे वळले. या खेपेला त्यांनी मोडलेल्या हाडाकडे नव्हे, तर त्याच्या भोवती बघितलं. घोट्याच्या वर, मोड होती बरोबर तिथेच, चार बोटं नडगीला वेढून होती. अंगठा पलीकडून येऊन त्यांना मिळाला होता. पकड चांगली घट्ट होती.

प्लास्टर प्लेटीत संत्र्याच्या सालीसारखं पायाभोवती दिसतं. पाय कुणी धरला असता, तर त्याची बोटं या सालीच्या बाहेर आली असती. ही बोटं सालीच्या आत होती, कातडीला चिकटून.

"फिल्म दोनदा वापरली असंल," शेषराव म्हणाले.

देवीदासला राग आला. एवढ्या वर्षांत त्यानं ती चूक एकदाही केली नव्हती. त्यानं त्याच खोक्यातली एक कोरी फिल्म काढली, अंधाऱ्या खोलीत नेऊन औषधात बुडवली आणि आणून दाखवली. ती निखळ कोरी होती.

३

दुपारी दवाखाना निवला होता. वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडल्याचा वास येत होता. घरून आशाबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, जेवायला बोलावणारा दुसरा निरोप येऊन गेला होता. शेषरावांनी कपाटातून सत्यभामेची पहिली प्लेट काढली आणि दोन्ही प्लेटा उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या.

पहिल्या प्लेटीत वरच्या कडेला मैनाबाईचे दोन्ही हात होते. चांदीच्या गोटांच्या पांढऱ्याफेक कड्या तिच्या मनगटांवर स्पष्ट होत्या. तिनं गुडघा धरला होता, तसाच तो दिसत होता. आणि खाली, घोट्यावर, तिसरा हात होता.

तो पहिल्या दिवसापासून तिथे होता. शेषरावांनी तो पाहिला होता आणि पाहिला नव्हता. याच हाताच्या बोटांमधून त्यांनी मोडलेलं हाड निरखलं होतं, पाय कसा अडकला ते सांगून मैनाबाईला चकित केलं होतं.

त्यांनी स्वतःला आवरलं. माणूस घाबरला की चुकतो, आणि त्यांचं काम प्लेट वाचायचं होतं. तर वाचू या, असं म्हणून ते खुर्ची पुढे ओढून बसले. हाडांवरून वय सांगता येतं. तान्ह्या पोराच्या मनगटात हाडं अजून तयार झालेली नसतात. ती एकेक करून, वर्षावर्षानं उमटत जातात.

पहिल्या प्लेटीतला हात थोराड माणसाचा होता. मैनाबाईच्या हातापेक्षा मोठाच, बोटं लांब. पण मनगटात काहीच नव्हतं. तुरीच्या डाळीएवढे दोन ठिपके, बाकी सगळी पोकळी. असं मनगट वर्षाच्या आतल्या लेकराचं असतं.

दुसऱ्या प्लेटीत तोच हात, तेवढाच. पण आता मनगट जवळजवळ भरलं होतं. दहा वर्षांच्या पोराचं असतं, तसं. आणि पहिल्या खेपेला धुरकट असलेली बोटांची पेरं आता चांगली पांढरी झाली होती. पोरीची नडगी जेवढी फिकटली होती, तेवढीच ती पांढरी झाली होती.

शेषरावांनी पेटीचा दिवा घालवला. "जेवायला जातो," ते देवीदासला म्हणाले. जेवण मात्र त्यांना गेलं नाही. आशाबाई वाढत असताना ते तिच्या मनगटाकडेच बघत राहिले. "काय पाहून राहिले असे?" असं तिनं दोनदा विचारलं.

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लास्टर कापलं. प्लास्टर सुटलं, कापूस निघाला. पाय वाळून काडीसारखा झाला होता, पण त्यावर कसलाही वळ नव्हता, डाग नव्हता. शेषरावांचा जीव भांड्यात पडला. फोटोत काही का दिसेना, डोळ्यांना काही दिसत नाही ना? मग पुरे झालं.

मोड कितपत हलते ते बघायला त्यांनी घोट्याच्या वर हात नेला.

"तठी नोका धरू," सत्यभामा म्हणाली. ती रडत नव्हती. एखाद्याला बाकावर सरकून बसायला सांगावं, तसं तिनं सांगितलं. "तठी जागा नाई."

शेषरावांनी हात मागे घेतला.

"दुखते काय तुले, पोरी?"

"दुखत नाई. वढते."

"कुठी वढते?"

तिनं बोट दाखवलं. पायाच्या पलीकडे, टेबलाच्या टोकाखाली. तिथे नुसती फरशी होती.

दवाखान्यात होती ती सगळ्यात लांब फिल्म शेषरावांनी मागवली. हाताच्या पुढे मनगट असतं आणि मनगटाच्या पुढे माणूस. तो कुठे उभा आहे, एवढं तरी कळायला हवं, असं त्यांना वाटलं. इंजिन सुरू झालं. रेतीच्या पिशव्या लावल्या. देवीदासनं खटका दाबला आणि नळी गुणगुणली. पोरगी डोळे मिटून पडली होती. खोलीत आणखी कुणी नव्हतं.

प्लेट धुवायला देवीदास एकटा आत जाईना. "तुमी चाला संगं, सायेब," तो म्हणाला. त्याच्या खांद्याला खांदा लावून शेषराव लाल दिव्याखाली उभे राहिले. औषधाच्या तबकात फिल्म हळूहळू काळी पडत गेली आणि हाडं फिकट राहिली.

मनगट आता पुरं झालं होतं. पक्क्या, जाणत्या माणसाचं. पकड घोट्यावरून वर सरकली होती. पोरीची नडगी इतकी विरळ झाली होती, की बोटांच्या मागे ती नीटशी दिसतही नव्हती. आणि मनगटाच्या पुढे कोपरापर्यंतची दोन हाडं होती, सरळ, लांब. ती पोरीच्या तळव्याच्या खालून फिल्मच्या कडेपर्यंत गेली होती, आणि कडेला संपली नव्हती.

"याच्याहून मोठी फिल्म मागवू काय मुंबईहून?" देवीदासनं अगदी हळू विचारलं.

"नाही," शेषराव म्हणाले.

५

प्लेटा घेऊन ते रेल्वेनं अमरावतीला गेले. तिथले एक वडीलधारे सर्जन त्यांच्या गुरूच्या जागी होते. म्हाताऱ्यांनी प्लेटा खिडकीशी धरल्या, चष्मा कपाळावर सारून एकेक नीट न्याहाळली.

"शेषराव, हे हाड गेलं," ते म्हणाले. "यात जीव नाही राहिला. कशानं, ते मला सांगता येत नाही. पण वर चढत चाललंय, हे तुम्हालाही दिसत असेल. गुडघ्याखालून कापा. उशीर केलात, तर मांडीतून कापावं लागेल. आणि त्यानंतर मग कापायलाही काही उरणार नाही."

"आणि हे?" शेषरावांनी बोट ठेवलं.

म्हाताऱ्यांनी प्लेटीकडे नजर टाकली. "नातेवाईक दिसतो कुणीतरी. जरा लांब धरायला सांगत जा, बोटं मध्ये येतात."

आपणही महिनाभरापूर्वी हेच म्हणालो असतो, हे शेषरावांना पक्कं ठाऊक होतं.

अकोल्याला परत आल्यावर त्यांनी मैनाबाईला बोलावून सांगितलं. सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून ते टेबलावरची कात्री इकडून तिकडे ठेवत राहिले. आपण फुगडीचा शब्द दिला होता, हे तिलाही आठवत असणार.

मैनाबाई म्हणाली, "बिनापायाची पोरगी वाफ्यात कशी बसंल, डाक्टरसायेब? पानी कशी देईल? कोन बायको करंल तिले?"

"जगंल तरी, बाई."

"मले थे फोटू दावा."

"तुमाले काय समजनार त्यातलं?"

"पोरगी माही हाये. दावा."

नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण नव्हतं. त्यांनी शेवटची, लांब प्लेट उजेडाच्या पेटीवर लावली. मैनाबाई जवळ गेली. तिच्या नजरेला कसलीच सवय नव्हती. हाड कुठलं, मोड कुठली, हे तिला ओळखता आलं नसतं. तिनं सरळ त्या हातावर बोट ठेवलं.

"हा कोनाचा?"

"फिल्मात दोष हाये," शेषराव म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज खोटा वाटला.

"मी तिले वढलं ना त्या दिवशी," मैनाबाई म्हणाली, "तवा खालूनबी कोनंतरी वढून राहिलं होतं. मले वाटलं चिखल असंल. वैशाखात चिखल कुठचा?" ती प्लेटीपासून दूर झाली. "मंग अचानक सुटली. मले वाटलं, जितलो आपन."

६

कुठवर कापायचं, ते ठरवायला कापायच्या आधी एक प्लेट घ्यावी लागणार होती. सकाळीच इंजिन सुरू केलं. पण पाय एव्हाना इतका दुबळा झाला होता, की रेतीच्या पिशव्यांच्या मध्ये तो आपोआप घसरायचा. आणि दर वेळी तो टेबलाच्या टोकाकडेच घसरायचा. देवीदासनं तो तीनदा वर घेतला आणि तीनदा तो खाली गेला.

"कोनंतरी धरा लागते," देवीदास म्हणाला, आणि स्वतः दोन पावलं मागे सरला.

आता आपणच, हे शेषरावांना कळत होतं. त्यांनी बाह्या सारल्या. पण पाय काही पुढे पडेना. शिकलेलं सगळं ज्ञान एका बाजूला आणि दोन हातांचं अंतर दुसऱ्या बाजूला, असे ते उभे होते.

"मी धरते," दारातून मैनाबाई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नव्हतं. हातांतले गोट तिनं काढून ठेवले होते.

"गुडघ्यापाशी धरा. वर."

"नाई. तठीच धरते."

शेषरावांना सुटल्यासारखं वाटलं. पुढे जन्मभर त्यांना त्या क्षणाची लाज वाटली, पण त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. त्यांनी तिला अडवलं नाही.

ती टेबलाशी गेली. पोरीच्या कपाळावरून तिनं एकदा हात फिरवला आणि मग तो उजवा हात घोट्याकडे नेला.

"माय, तठी जागा नाई," सत्यभामा म्हणाली.

"मी करते जागा," मैनाबाई म्हणाली. "तू डोये मीट."

तिनं धरलं. उगाच टेकवल्यासारखं नव्हे. वांग्याचं जुनं झाड मुळासकट उपटताना धरतात, तसं तिनं धरलं. देवीदासनं खटका दाबला. अंगणातलं इंजिन एकाएकी जड झालं, ओझं आल्यासारखं मंद धडधडू लागलं, आणि नळीची गुणगुण खाली खाली जाऊन जवळजवळ बंद पडली. मैनाबाईचे दात आवळलेले होते. तिचा खांदा थोडा खाली ओढला गेला. मग आणखी थोडा. टेबलाच्या कडेला तिनं डाव्या हातानं घट्ट धरून ठेवलं होतं.

मग इंजिन पुन्हा हलकं झालं. नळी थांबली.

"दुखलं?" शेषरावांनी विचारलं.

"नाई. थंडं हाये," मैनाबाई म्हणाली, आणि हात पदरात घेतला.

शेषराव प्लेट घेऊन एकटेच अंधाऱ्या खोलीत गेले. या खेपेला त्यांना देवीदास बरोबर नको होता. दार लावलं, लाल दिवा लावला, फिल्म तबकात सोडली. हळूहळू कडा काळ्या झाल्या. पोरीची नडगी उमटली, विरळ, मोडकी, पण एकटी. तिच्याभोवती मैनाबाईची चार बोटं आणि अंगठा होता. कष्टाचा हात, पेरं जाड झालेली.

आणि त्या बोटांच्या फटीफटीतून दुसरी बोटं वर आली होती. जत्रेत लेकरू हरवू नये म्हणून आपण त्याच्या बोटांत बोटं गुंतवून धरतो, तशी ती गुंतलेली होती. आता ती पोरीला धरून नव्हती.

औषधात फिल्म हलली, का शेषरावांचा हात हलला, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण त्यांना वाटलं, ती बोटं अजून आवळताहेत. त्यांनी पूर्ण उमटायच्या आत ती फिल्म तबकातून ओढली, आणि दार उघडून भर उन्हात आणून टाकली. प्लेट क्षणात काळीठिक्कर झाली.

७

पाय कापला नाही. शेषरावांनी पुन्हा प्लास्टर घातलं आणि वाट पाहिली. पुढच्या प्लेटीत मोडीभोवती पांढरट ढग दिसला. हाड जुळायला लागलं होतं. त्यानंतरच्या प्लेटीत नडगीचा रंगही परत आला. भोवती कुणाचीही बोटं नव्हती. अमरावतीच्या म्हाताऱ्या सर्जनांनी ती प्लेट बघितली आणि "लहान पोरांचं काही सांगता येत नाही बुवा," असं म्हणून गप्प झाले.

सत्यभामा कुबड्या घेऊन पडवीत हिंडू लागली. तिला आता काही ओढत नव्हतं. ती खायला मागायची, देवीदासशी भांडायची, आणि त्याच्या इंजिनाची नक्कल करून दाखवायची. दवाखान्यात सगळ्यांना तिचं कौतुक वाटत होतं.

मैनाबाई सगळं डाव्या हातानं करायची. भाकरी डाव्या हातानं मोडायची, पोरीची वेणी तर घालायचीच नाही, दुसऱ्या बायांकडून घालून घ्यायची. शेषराव हे रोज बघत होते. शेवटी एकदा पोरगी बाहेर असताना त्यांनी धीर केला.

"हाताची प्लेट काढू द्या, मैनाबाई."

"काहून?"

"पाहाले लागंल ना, कुठवर..."

"पाह्यलं तरी तेच, नाई पाह्यलं तरी तेच." ती शांतपणे म्हणाली. "तुमी कापसान. माहा हात कापला तं थो धरनारा कोनाकडं जाईल मंग? घरी हेच एक लेकरू हाये माहं."

शेषरावांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"आता पानी पडलं," ते उगीच म्हणाले. "वावरातल्या भेगा मिटल्या असतील."

"मिटल्या असतीन," मैनाबाई म्हणाली. "मिटाच्या आधी जे बाहीर आलं, थे आलं."

निघायच्या दिवशी दारात टांगा उभा राहिला. सत्यभामा कुबड्या टाकून दोन पावलं स्वतःच्या पायांवर चालली, आणि देवीदासला तर रडूच फुटलं. शेषरावांनी तिला उचलून टांग्यात बसवलं. उजवा पाय हाताला गरम लागला, भरलेला लागला, आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

मैनाबाई मागून चढली. चढताना तिला तोल सावरावा लागला, कारण तिचा उजवा खांदा आता सरळ राहत नव्हता. तो जमिनीकडे कललेला असायचा. टांगेवाल्यानं चाबूक उचलला.

"माय, भेव लागते उंचावर," सत्यभामा म्हणाली. "माहा हात धर ना."

ती आईच्या उजव्या बाजूला बसली होती. पदराखालच्या हाताकडे तिनं हात नेला. मैनाबाई एकदम मागे सरकली, इतकी, की टांगा हिंदकळला. मग ती उठली, पोरीला आपल्या डाव्या बाजूला बसवलं, आणि डाव्या हातानं तिला पोटाशी घट्ट धरलं. उजवा हात तिनं टांग्याच्या बाहेर, तिच्यापासून लांब धरून ठेवला. टांगा वळेपर्यंत तो तसाच होता.